खैरनार अण्णा आणि सायखेड्याचा कीबोर्ड

खैरनार अण्णांनी नवा माउस आणला की तो लगेच कॉम्प्युटरला जोडायची पद्धत त्यांच्या घरी नव्हती. आधी दोघांची ओळख व्हायची. माउस खोक्यातून काढायचा, पुसायचा, कॉम्प्युटरसमोर एका छोट्या पाटावर ठेवायचा आणि वायर गुंडाळलेली तशीच ठेवून एक अख्खा दिवस जाऊ द्यायचा. "एकमेकांकडं बघू द्या," अण्णा म्हणत. "भेटल्या भेटल्या गळ्यात गळे घातले की पुढं कोर्टकचेऱ्या होतात." दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद, चपला दाराबाहेर, हात स्वच्छ धुतलेले, आणि मग जोडणी. एवढं सगळं करूनही माउस हलला नाही तर अण्णा ना दुकानदाराला बोल लावत, ना माउसला. "पत्रिका जुळत नाही," एवढंच म्हणत आणि नकार दिलेल्या स्थळाचा मान राखावा तसं त्याला पुन्हा खोक्यात निजवत.

त्यांची स्वतःची पत्रिका मात्र त्यांनी जन्मात कुणाला दाखवली नव्हती. सटाण्याकडचा हा माणूस ऐन तरुणपणी नाशकात आला, सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकच्या मेन्टेनन्सला लागला, तिथूनच रिटायर झाला, आणि या सगळ्या धांदलीत लग्न करायचं राहून गेलं. आमच्या कॉलनीत तळमजल्यावर, माझ्या दारासमोरचा फ्लॅट त्यांचा. बोलणं आमच्यासारखंच, फक्त रंगात आले किंवा रागात आले की सटाण्याचं 'शे' तोंडातून निसटायचं. "यंत्राला घाई शे का? मग तुम्हाला का शे?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझी बायको हल्ली कुकरच्या शिट्ट्या मोजताना मला तेच ऐकवते.

त्यांच्या घरचा कॉम्प्युटर म्हणजे बालवाडीतलं एखादं मूल आत बसून डबा खाऊ शकेल एवढं खोकं. त्यात विंडोजच्याही आधीचं डॉस. अगदी पाहुणे आले तर दाखवायला म्हणून अठ्ठ्याण्णवची विंडोज. आणि कीबोर्ड! तो उचलायला दोन हात लागत. त्याच्या वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढी जाड गोल पिन होती आणि एकेक कळ दाबली की असा आवाज येई की समोरच्या फ्लॅटमध्ये मला कळायचं, अण्णांनी आता एंटर मारला. कॉलनीत लाइट गेले की बायका म्हणायच्या, अण्णांचा कीबोर्ड थांबला, म्हणजे सगळीकडचेच गेले असणार.

त्या विंडोजला यूएसबीचं वावडं होतं. यूएसबीचं भोक होतं मागे एक, पण ते नुसतं शोभेला. एकदा त्यांचा भाचा पेनड्राइव्ह घेऊन आला. अण्णांनी रीतसर एक दिवस पाटावर बसवून दुसऱ्या दिवशी तो जोडला. कॉम्प्युटरनं विचारलं, हा कोण? याची ओळख पटवणारी फाइल द्या. भाच्यानं सांगितलं, मामा, ती फाइल आहे ना माझ्याकडं. कुठं आहे? तर पेनड्राइव्हमध्ये. म्हणजे पेनड्राइव्ह उघडायला जी फाइल हवी ती पेनड्राइव्हच्या आत. अण्णा दोन दिवस तो पेनड्राइव्ह हातात घेऊन कॉलनीभर फिरत होते. भेटेल त्याला दाखवत होते. "बघा, नवरदेव म्हणतो, लग्नपत्रिका दाखवल्याशिवाय मांडवात घेत नाहीत, आणि पत्रिका मांडवात ठेवलीय." भाचा बिचारा तिसऱ्या दिवशी सटाण्याला परत गेला. तो पेनड्राइव्ह मी नंतर अण्णांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकलेला पाहिला.

पण अण्णांचं खरं राज्य भाद्रपदातलं. आमच्या मंडळाचा हलता देखावा. प्रिंटर जोडायच्या जागेतून वायरी काढून अण्णांनी त्या खोक्यातल्या डॉसला मोटारी जोडल्या होत्या आणि मोटारींना माणसं. म्हणजे लाकडाची, कापडाची. दरवर्षी देखावा एकच, पंचवटीचा. कुणी म्हणालं की अण्णा, यंदा जरा वेगळं काहीतरी करू, तर ते म्हणत, "बाकीच्या गावांना गोष्ट बाहेरून आणावी लागते. आपल्याकडं ती राहत्या पत्त्यावर घडलेली शे." हरीण धावायचं, लक्ष्मण तलवार फिरवायचा, शूर्पणखेचं नाक खालच्या टोपलीत पडायचं, रावण झोळी घेऊन यायचा, आणि शेवटी वरून जटायू झेप घ्यायचा. शूर्पणखेचं नाक चुंबकाचं होतं. दोन खेळांच्या मधे कुणीतरी जाऊन ते परत बसवायचं. एका वर्षी घाईत उलटं बसलं तर त्या वर्षी पाऊस तिच्या नाकात साठला, असं आमच्याकडं अजून सांगतात.

आणि हे सगळं चालायचं त्या एका कीबोर्डवरून. पडद्यामागे एक लांब लाकडी बाक, समोर टेबलावर कीबोर्ड, आणि बाकावर खांद्याला खांदा लावून आम्ही. प्रत्येकाला एक कळ. कुलकर्णी वहिनींकडे हरीण, म्हणजे डावीकडची एस्केपची कळ. माझ्याकडे नाक. माझ्यासाठी अण्णांनी स्पेसबार ठेवला होता. "तुमच्या हातून दुसरं काही सापडायचं नाही, हे मोठं शे," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. रावण मंडळाचे अध्यक्ष भालेराव यांच्याकडे, कारण ते पद त्यांनी मागून घेतलं होतं. अण्णा टोकाला बसून इशारा द्यायचे. "वहिनी, हरीण सोडा. भाऊसाहेब, नाक." दोन खेळांच्या मधे चकल्या, चहा, कुणाच्या मुलीचं कुठं जमतंय, कुणाच्या टाकीचं पाणी कुणाच्या भिंतीत मुरतंय. त्या बाकावर दोन लग्नं ठरली आणि एक मोडलं. गणपतीचे दहा दिवस तो बाक रिकामा मी कधी पाहिला नाही. पाळी नसलेली माणसंसुद्धा येऊन मागे उभी राहायची.

सुरुवातीच्या वर्षांत गोंधळही व्हायचे. एकदा कुलकर्णी वहिनी कुणाच्या तरी सासूची नक्कल करताना अशा काही हसल्या की त्यांचं कोपर अख्ख्या कीबोर्डवर पडलं. समोर उद्घाटनाला आलेले नगरसेवक हात जोडून उभे. हरीण उलटं धावलं, लक्ष्मण येण्याआधी नाक स्वतःच गळून पडलं, रावण झोळी घेऊन शूर्पणखेकडेच गेला, आणि जटायूनं जी झेप घेतली ती थेट लक्ष्मणाच्या डोक्यावर. नगरसेवक भाषणात म्हणाले की रामायणाचा हा नवा अर्थ तरुणांनी लावला, याचा त्यांना आनंद वाटतो. त्यानंतर मात्र आमचा हात बसला. चुका थांबल्या. पुढची सगळी वर्षं हरीण, नाक, रावण, जटायू कसे घड्याळासारखे. वहिनी तर उघड म्हणायच्या की हरणाची नस त्यांना सापडलीय.

मग आले भालेरावांचे जावई. पुण्यात मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरला. गणपतीच्या आधी आठवडाभर ते सासुरवाडीला आले ते मंडळासाठी नवा कॉम्प्युटर भेट घेऊनच. चपटा, काळा, मागे सगळी यूएसबीची भोकं, गोल पिनेचं एकही नाही. भेट देणारा जावई, त्यात अध्यक्षांचा. नाही म्हणायची कुणाची छाती होती? अण्णांनी तो कॉम्प्युटर आपल्या खोक्यासमोर पाटावर ठेवला आणि म्हणाले, उद्या बघू. जावईबापू हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

दुसऱ्या दिवशी भालेरावांच्या हॉलमध्ये प्रयोग झाला. निम्मी कॉलनी हजर, चाचणीला लाकडी लक्ष्मण आणि अण्णांचा जुना कीबोर्डही. नवा कॉम्प्युटर सुरू झाला, विंडोज आली, नव्या यूएसबी कीबोर्डवर जावईबापूंनी स्वतःचं नाव टाइप करून दाखवलं. टाळ्या. मग अण्णांचा देखावा लावायला त्यांनी डॉस सुरू केलं. काळा पडदा आला, त्यावर पांढरी रेघ लुकलुकायला लागली, आणि कीबोर्ड मेला. जावईबापू कळा दाबतात, वायर काढून दुसऱ्या भोकात घालतात, मग तिसऱ्या. रेघ आपली लुकलुकतेय. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की हा कीबोर्ड विंडोज सुरू असली तरच बोलतो, डॉसला तो ओळखत नाही.

"सून इंग्रजी बोलते, सासूला मराठी येते," अण्णा म्हणाले. "दोघी चांगल्या शेत. पण पत्रिका जुळत नाही."

जावईबापूंना ते लागलं. ते तडक कॅनडा कॉर्नरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन यूएसबीची एक वायर घेऊन आले, जिच्या दुसऱ्या टोकाला जुन्या प्रिंटरची जागा होती. ती लक्ष्मणाच्या मोटारीला जोडली. विंडोजमधून हुकूम सोडला. लक्ष्मण ढिम्म. आणि स्क्रीनवर चौकट आली की प्रिंटरमधला कागद संपलाय, कागद घाला आणि पुन्हा प्रयत्न करा. त्या वायरीला काही केल्या पटेना की पलीकडे प्रिंटर नसून प्रभू रामचंद्रांचा धाकटा भाऊ उभा आहे. भालेरावांनी गांभीर्यानं विचारलं, "मग घालायचा का कागद?" आणि तिथून पुढं त्या हॉलमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येईना.

हसण्याला कंटाळलेल्या माणसाकडून होतं ते जावईबापूंकडून झालं. त्यांनी अण्णांचा जुना कीबोर्ड उचलला आणि नव्या कॉम्प्युटरला कसलातरी अडॅप्टर लावून त्याची जाड पिन त्यात घालायला लागले. जात नव्हती. त्यांनी जोर लावला. आतली एक काडी कट्कन मोडली.

अण्णांनी कीबोर्ड हातात घेतला आणि पिनेत डोकावून पाहिलं. मी त्यांना पत्रिकेचं नावही न काढता गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

जावईबापू माणूस वाईट नव्हता. त्यांनी लगेच उपाय सांगितला. म्हणाले, अण्णा, कीबोर्ड हवाच कशाला? जुनाच कॉम्प्युटर राहू दे. मी पंधरा मिनिटांत प्रोग्राम बदलतो. एकदा सुरू केलं की हरीण, नाक, जटायू सगळं आपोआप, ठरल्या वेळेला. कुणी बसायला नको, काही नको. लोकांचे दहा दिवस वाचतील. भालेरावांना ते इतकं पटलं की त्यांनी तिथल्या तिथं बाकाचं काय करायचं तेही ठरवलं, व्यायामशाळेला देऊन टाकू.

अण्णा उभे राहिले. आवाज चढला होता. "देखावा रिमोटवर चालायला तो काय टीव्ही शे का? कीबोर्ड मी आणतो. मिळाला तर बाक राहील. नाही मिळाला तर तुमचं आपोआप चालू द्या, मग मी पडद्यामागं पाऊल टाकणार नाही." चतुर्थी परवावर आली होती. भालेराव म्हणाले, ठीक आहे, चतुर्थीच्या सकाळपर्यंत.

माझी स्कूटर, मागे अण्णा, त्यांच्या मांडीवर नमुन्याला मोडका कीबोर्ड. आम्ही नाशिक पिंजून काढलं. नाशिक रोडला एका दुकानदारानं तो कीबोर्ड बघून हात जोडले. सातपूरला एका वर्कशॉपच्या मालकानं विचारलं की हा कुठल्या मशिनचा पार्ट आहे आणि कास्टिंग कुठं केलं. भद्रकालीतल्या भंगारात आम्हाला गोल पिनेची वायर मिळाली, पण तिला कीबोर्ड नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणी कीबोर्ड मिळाला, त्याला वायर नव्हती. अण्णांनी त्या दोघांची पत्रिका जुळते का हेही उभ्या उभ्या पाहिलं. नाही जुळली. इतर वेळी ते दर दुकानात दोन गोष्टी सांगून चहा पिऊन निघाले असते. त्या दिवशी नुसते 'नाही का? बरं,' म्हणून स्कूटरवर बसत होते.

शेवटी कुणीतरी सांगितलं की सायखेड्याला एका दूध सोसायटीत असलाच जुना डबा पडून आहे. गेलो. सोसायटीचा कारकून एका फळकुटावर बसून दात कोरत होता. त्यानं आमचा कीबोर्ड पाहिला आणि आतून तसाच दुसरा घेऊन आला. धूळ, दुधाचे ओघळ, कोपऱ्यात जळमट.

"ह्योच का? न्या न्या. कॉम्प्युटर कवाच मेला. ह्यो म्या उंदरं मारायला ठेवला व्हता. लय जड हाय, एका दणक्यात काम करतो." वायर गुंडाळून देताना त्यानं जरा ओशाळून सांगितलं की उंदरांनीही मधल्या काळात शेपटाकडून थोडा सूड घेतलाय, तेवढं बघून घ्या. अण्णांनी पिन पाहिली, मुठीत धरली आणि म्हणाले, चालेल. कारकुनाला त्यांनी घरच्यांसकट देखावा बघायला यायचं निमंत्रण दिलं, पुढच्या रांगेत बसवायचं कबूलही केलं. परतीच्या वाटेवर मागून मला सटाण्याकडची कुठलीशी चाल गुणगुणल्यासारखी ऐकू येत होती.

चतुर्थीला संध्याकाळी पहिला खेळ. बाहेर ही गर्दी, सायखेड्याचा कारकून पोराबाळांसकट पुढच्या रांगेत, आणि आत बाकावर आम्ही ठासून भरलेले. कीबोर्ड पुसून लखलखीत. जावईबापूही कौतुकानं मागे उभे. अण्णांनी इशारा केला आणि खेळ सुरू झाला. वहिनींनी हरीण सोडलं. वा. काय धावलं.

आता माझं नाक. मी स्पेसबारवर अंगठा ठेवला, आणि तेवढ्यात दुसऱ्या हातातली चकली खाली पडली. वाकलो. बाकाखाली अंधारात चाचपताना हाताला वायर लागली. कीबोर्डची वायर. मी ती धरून चकलीच्या दिशेनं सरकलो तर तिचं टोकच हातात आलं. जाड गोल पिन. तिच्यात निम्म्या काड्या नव्हत्या, उंदरांनी रबर कुरतडलेलं. ती कुठंही जोडलेली नव्हती. अण्णांच्या पायाजवळ जमिनीवर पडली होती आणि त्यावर त्यांनी हातरुमाल टाकला होता.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. मी डोकं वर काढलं. शूर्पणखेचं नाक टोपलीत होतं.

"भाऊजी, आज अगदी वेळेवर दाबलंत हं," कुलकर्णी वहिनी म्हणाल्या.

शेजारी भालेराव दात ओठ खात रावणाची कळ दाबत होते. रावण आला. मग जटायू. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी एकदा माझ्या हातातल्या चकलीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मग नजर समोर केली.

खेळ संपला. आरतीला सगळे उठून पुढं गेले. मीही उठल्यासारखं केलं आणि परत बसलो. बाकावर आता आम्ही दोघंच. मी हळूच विचारलं, केव्हापासून?

"वहिनींनी जटायू लक्ष्मणावर घातला ना," अण्णा म्हणाले, "त्याच्या पुढल्या वर्षापासून. खोकं सुरू केलं की आपोआपच चालतं. मी फक्त आधी सांगतो."

म्हणजे ही सगळी वर्षं. मला आमची बसलेली बोटं आठवली, हरणाची सापडलेली नस आठवली, आणि मोठ्यानं हसू येणार होतं. पण अण्णा हसत नव्हते. ते टेबलावरच्या चकल्यांच्या डब्याचं झाकण लावत होते, ते नीट बसत नव्हतं.

"मग हा कीबोर्ड? सायखेडं? आपण दोन दिवस..."

"यंत्राला तो लागत नाही, भाऊसाहेब." झाकण बसलं. "पण कळा नसत्या तर तुम्ही कशाला बसला असता इथं? देखावा तर बाहेरून बरा दिसतो."

बाहेर आरती संपली, घंटा थांबली. कॉलनीत माझा दरवाजा आणि त्यांचा दरवाजा यांच्यात चार पावलंसुद्धा नाहीत.

प्रसादाचे द्रोण घेऊन माणसं परत पडद्यामागे यायला लागली. भालेराव, त्यांच्यामागे जावईबापू. जावईबापू बाकावर बसायला जागा शोधत खाली वाकले, तसा मी पाय पुढं केला आणि ती पिन रुमालासकट टाचेखाली घेतली. "या, या, इकडं बसा," म्हटलं, "जटायूची कळ तुम्हाला देऊ. जरा हलक्या हातानं बरं का, नस सापडायला वेळ लागतो." जावईबापू खूश होऊन बसले. बाक करकरला. सगळे सरकले, अण्णा टोकाला इतके सरकले की अर्धे बाहेर होते, आणि तरी म्हणत होते की अजून एकाला जागा शे.

कुलकर्णी वहिनी सर्वांत शेवटी आल्या. पदराला हात पुसले, बसल्या, एस्केपच्या कळेवर बोट ठेवलं आणि श्वास धरून विचारलं, "अण्णा, हरीण सोडू?"

"थांबा," अण्णा म्हणाले. मान किंचित कलती करून मोटारीचा आवाज ऐकत होते. "सोडा आता."